पहिलीची नावं मागायला गेले होते

मैत्रिणींनो, आज फार दमलेय.

मोठी मुलगी सहावीत आहे, म्हणून मी मनवेलपाड्यातल्या आमच्या मराठी शाळेच्या व्यवस्थापन समितीसाठी उभी राहिले, निवडून आले, अध्यक्षही झाले. यंदा पहिलीत चारच नावं आलीत. पट असाच घटला तर शाळा टिकायची नाही, म्हणून आज सकाळी पहिलीच्या बाई आणि मी चाळींतून घरोघरी फिरलो.

एका घरात एक आई कणीक मळत होती. आमचं सगळं शांतपणे ऐकून तिने विचारलं, "ताई, तुमच्या धाकट्याला कुठे घातलंत?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

"इंग्लिश मीडियमला," मी म्हटलं. "मागच्याच आठवड्यात."

ती चिडली नाही. "खरं बोललात," म्हणाली आणि पाणी आणून दिलं. पहिलीसाठी तिच्या मुलीचं नाव मात्र दिलं नाही.

पुढच्या दारात बाई एकट्याच बोलल्या. मी मागे उभी राहिले.

समितीत माझ्या जागी यायला कोणी तयार नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतंत? राजीनामा दिला असतात, की धाकट्याचा प्रवेश रद्द केला असतात? मला दोन्ही जमेनासं झालंय.