मागणीची बाटली

बोईसर स्टेशनजवळच्या परमिट रूममध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकाला क्वार्टर आणि चकणा मिळाला की झालं, बाकी कशाशी त्याला देणंघेणं नसतं. पण कमलेशला कोण समजावणार! पठ्ठ्यानं मोबाइलवर बघून बघून पाण्यानं भरलेल्या बाटल्या पाठीमागून झेलायचा सराव केला, दोनदा कपाळ फोडून घेतलं आणि मालकाच्या शिव्या खात काउंटरवर लिंबू-पुदिन्याची नवी नवी पेयं सुरू केली. मासवणकडच्या पाड्यावरचा हा वारली पोरगा. आई लाडकी आणि बाप चिंतू पावसावरच्या तुकड्यात भात पिकवायचे आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे. कमलेशला भट्टी नको होती. केळव्याच्या किनाऱ्यावर आपला स्वतःचा बार होणार, हे तो इतक्या खात्रीनं सांगायचा की ऐकणाऱ्याला आधी हसू यायचं आणि मग हसल्याची लाज वाटायची.

वैभवी त्याला शेअर रिक्षात भेटली. तारापूर एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत ती लॅबमध्ये होती. "तू पण दिवसभर ओततोस, मी पण ओतते. माझं कोणी पीत नाही, एवढंच," ती म्हणाली, आणि गडी तिथंच गार झाला.

अडचण होती तिच्या वडिलांची. मारुती मूळचे सांगलीकडचे, कंपनीत फिटर. धाकटा भाऊ दारूनं गेला, त्याला खांदा त्यांनीच दिला होता. बारमधला जावई म्हटल्यावर ते आठवडाभर लेकीशी बोलले नाहीत. शेवटी वैभवीनं हट्टच धरला तेव्हा म्हणाले, "त्याच्या बापाला घेऊन ये म्हणावं. बघू घर कसलं आहे ते."

कमलेशनं बापाला सगळं पढवलं. पांढरा सदरा घाल, दाढी कर, तंबाखू खिशातच ठेव. आपल्यात मुलगी मागायला जाताना काय नेतात, हे मात्र ह्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी चिंतू कमलेशबरोबर मारुतींच्या घरी आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि पिशवीतून काचेची बाटली काढून त्यानं मारुतींसमोर ठेवली.

"ही मागणीची. आमचेकडं रिकाम्या हातानं पोर मागाला जात नाय. मोहाची हाय, हिच्या आईनं काढली... याच्या आईनं," गडबडून त्यानं कमलेशकडं बोट केलं.

बाटली घेतली की सोयरीक पक्की, अशी त्यांची रीत. घरातलं सगळ्यात मानाचं जे होतं ते म्हातारा घेऊन आला होता. मारुतींचा चेहरा मात्र दगडासारखा झाला.

"उचला ती," ते म्हणाले.

तुमच्याकडं नारळ देतात तशी आमच्याकडं ही, एवढं जरी कमलेश बोलला असता तरी पुरे होतं. तो उठला, बाटली घेतली, बेसिनपाशी गेला आणि सगळी ओतून दिली. वर नळ सोडला.

"आप्पा, मी यातला नाही," तो मारुतींना म्हणाला.

खोलीभर मोहाचा वास पसरला. चिंतू मान खाली घालून रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिला.

मारुतींनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. "पोरगा चांगला आहे," ते म्हणाले. "माझी हरकत नाही."

"माझी आहे, आप्पा." वैभवी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं पहिला कप चिंतूच्या हातात दिला. "काका, तुम्ही चहा घेऊनच जायचं." मग ती कमलेशकडं वळली. "तू नीघ."

"वैभवी, तुझ्यासाठीच केलं ना मी!"

"माहीत आहे. उद्या दुसऱ्या कोणासाठी मलाही ओतून देशील."

कमलेश बाहेर पडला. चिंतूनं क्षणभर कप तसाच धरला, मग खाली ठेवला आणि वैभवीला हात जोडले.

"पोरी, तुजा राग खरा हाय. पन मी त्याच्यासंगं आलो, जाईन बी त्याच्यासंगंच."

कमलेश जिन्यात बसून रडत होता. चिंतू सावकाश खाली उतरला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसला.