काहून सिस्टर

डॉक्टरांनाच उलट प्रश्न विचारणारी सिस्टर मी आयुष्यात एकच पाहिली. औषध लिहून दिलं की चष्म्यावरून बघत त्या नागपुरी बोलीत कारण विचारायच्या, "हे काहून?" म्हणून आम्ही सगळे त्यांना काहून सिस्टर म्हणायचो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नागपुरात नवशिका डॉक्टर होतो, आणि मला त्यांचा धाकच वाटायचा.

जरीपटक्यातली एक शिक्षिका काविळीने बेशुद्ध होऊन आमच्या वॉर्डात आली. यकृत जवळजवळ बंद पडलेलं. अशा रुग्णाचं रक्त नीट गोठत नाही. पोटातल्या आम्लाने जठराला जखम झाली, तर रक्तस्राव आवरणं कठीण. म्हणून वॉर्डाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांनी नाकातून पोटात नळी घालून दर तासाला आम्ल मारणारं पांढरं औषध द्यायला सांगितलं. 'काहून'चं उत्तर मिळाल्यावर सिस्टरांनी ते काम स्वतःकडेच घेतलं. नळीतून थोडा रस ओढायचा, थेंब निळ्या लिटमस कागदावर टाकायचा. कागद लाल झाला, तर औषध वाढवायचं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. "डॉक्टर, दिवसभर कागद निळा राहते. पाच वाजता लाल होते. काहून?"

"औषध कमी पडत असेल."

त्यांना ते पटलं नाही. चार ते पाच ही भेटीची वेळ. दुसऱ्या दिवशी त्या वेळेला त्या मला घेऊन पडद्याआड उभ्या राहिल्या. शिक्षिकेची आई काटोलहून आली होती. पदराखालची बाटली काढून ती नळीत संत्र्याचा रस ओतू लागली.

मी ओरडणारच होतो. सिस्टरांनी हाताने मला गप्प केलं, नळी बंद केली आणि तिच्याशेजारी बसल्या. "रस काहून देता, मावशी?"

"काविळीले चांगला असते न वं बाई. घरच्या झाडाचा हाय. पोरीच्या पोटात चार दिवसांपासून काहीच नाही."

सिस्टरांनी रसाचा थेंब कागदावर टाकला. तो लाल झाला. "हे आंबट तिच्या पोटाले जाळते, मावशी. रक्त सुरू झालं त मले थांबवता येणार नाही." म्हातारीने कागद हातात घेऊन निरखला. मग तिनेच बाटलीला बूच लावलं. पुढे भेटीच्या वेळी कागद धरायचं काम तिचंच झालं.

नवव्या दिवशी शिक्षिकेने डोळे उघडले. पोटातून रक्त आलंच नव्हतं. मी आनंदाने चहा मागवला, पण सिस्टर विचारात होत्या.

"खरं सांगा डॉक्टर, आपण वाचवलं, का तिचं यकृतच आपसूक सुधारलं?"

"सांगता येणार नाही."

"मग मावशीले तसंच सांगा."

मी सांगितलं.

वर्षभरात त्यांची बदली झाली, नंतर भेट नाही. मी यकृताच्या आजारांकडेच वळलो. रामदासपेठेतल्या माझ्या दवाखान्यात बरा झालेला रुग्ण पाया पडायला वाकला, की मी त्याला उठवतो आणि सांगतो, "थोडं मी केलं, थोडं तुमच्या शरीराने. किती कोणी, ते मलाही ठाऊक नाही."