शेकलेला ताशा

परवा रस्त्याच्या कडेला कुणीतरी पेंढा पेटवून ताशा शेकत होतं. तापल्या कातड्याचा तो वास आला आणि मी थेट मुरबाडच्या मैदानात जाऊन उभा राहिलो.

तेव्हा मी आमच्या गावच्या ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचो. स्पर्धेत आमचा नंबर नेहमी दुसरा. पारावर बसणाऱ्यांनी वर्षभर एकच घोशा लावला होता, "वस्ताद बदला, त्याबिगर पहिला नंबर नाय." शेवटी आम्हाला हात धरून शिकवणाऱ्या धर्मावस्तादांना काढलं आणि कल्याणहून नवा माणूस आणला.

त्या वर्षीच्या स्पर्धेला मुरबाडच्या मैदानात आम्ही ताशे शेकत होतो. पलीकडच्या जाळाशी, दुसऱ्या गावच्या पोरांत, धर्मावस्ताद बसलेले दिसले. ते उठून आमच्याकडे आले, माझ्या ताशावर टिचकी मारली आणि म्हणाले, "आजून शेक रे, आवाज बसलाय त्याचा."

मी ताशा ओढून घेतला.

थोड्या वेळाने त्या पोरांनी ठेका धरला. वस्तादांनी आमच्या गावदेवीच्या पालखीसाठी बांधलेला ठेका होता तो. त्याच ठेक्यावर त्यांनी पहिला नंबर नेला. याहून मोठा दगा नसेल, असं मला वाटलं.

तो राग पुढे निवला. निवत नाही तो परतीच्या टेम्पोतला. पारावरचीच माणसं बोलत होती.

"वस्तादाला काढायलाच नको व्हता."

"मंग काढला कोनी?"

"आमी तं नाय बोललो."

वाटेतलं सापगाव येईपर्यंत वस्तादांना कुणीच काढलेलं नव्हतं.