निरोप आत पोचत नव्हता

निखिलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघून प्रिन्स्टन जंक्शनच्या फलाटावर उभी होते. "मेधा, शुभदा गेली," एवढंच तो म्हणाला. मागून त्याला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. समोर न्यूयॉर्कची गाडी येऊन थांबली होती. मी मागे वळायला हवं होतं, पण माणसं चढत होती तशी मीही चढले. दारं लागल्यावर लक्षात आलं की हॉस्पिटल उलट्या दिशेला आहे आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत आता काही करता येणार नाही. शेजारचा माणूस लॅपटॉपवर काम करत होता. मी खिडकीतून झाडं बघत बसले... तिच्या आजारपणाचे सगळे आठवडे असेच गेले होते. उतरता येत नाही, काही करता येत नाही, नुसतं बसून राहायचं.

शुभदा आणि मी शिकत असताना स्टेट कॉलेज नावाच्या गावात एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी पुण्याची, कॉम्प्युटर सायन्सला. ती नागपूरची, इम्युनॉलॉजीत पीएचडी करणारी. "काय करून राहिली?" हा तिचा दिवसातला पहिला प्रश्न असायचा, आणि उत्तराची वाट न बघता ती स्वतःचंच सांगायला लागायची. कॅम्पसच्या बसमध्ये ती मोठ्यानं मराठी बोलायची, कुणाला कळतंय म्हणून. एकदा समोरच्या उंच मुलाकडे बघून म्हणाली, "बघ, याचे मोजे दोन रंगांचे आहेत." तो मुलगा शांतपणे म्हणाला, "बाकीचे धुवायला टाकलेत." तो निखिल, नाशिकचा. शुभदाचा बोलताना असा गोंधळ उडालेला मी तेवढा एकदाच पाहिला. पुढे त्यांचं लग्न झालं, नोकऱ्यांमुळे आम्ही सगळेच प्रिन्स्टन जंक्शनजवळ वेस्ट विंडसरला आलो, इरा झाली. माझं घर तिच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. इराची मी मावशी.

तिचं संशोधन सेप्सिसवर होतं. माझ्या ओट्याशी कोथिंबीर चिरता चिरता तिनं मला ते समजावलं होतं. "सेप्सिस म्हणजे नुसतं इन्फेक्शन नाही गं. इन्फेक्शनला शरीर जे उत्तर देतं, तेच शरीरावर उलटतं. आधी सगळ्या पांढऱ्या पेशी एकदम आरडाओरडा करतात. बीपी पडतं, किडन्या बंद पडतात. लोकांना वाटतं, एवढ्यातून निघाला म्हणजे सुटला. पण नंतर त्याच पेशी गप्प होतात. समोर जंतू आलेला असतो, पण त्याचा निरोप पेशीच्या आत पोचतच नाही." मी विचारलं, मग? ती म्हणाली, "मग एरवी काही न करणारी बुरशीसुद्धा माणसाला पुरते." तिच्या लॅबमध्ये पेशंटच्या रक्तात जंतूंचे तुकडे मिसळून पेशी किती जोरात उत्तर देतात ते मोजायचे. निरोगी माणसाची रेघ आलेखावर उभी चढायची. आयसीयूत बरेच दिवस काढलेल्यांची कितीदा तरी सपाट.

हिवाळ्यात तिची पाठ दुखायला लागली. बर्फ उपसून धरली असेल असं तिलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इरा कॉलेजातून घरी आली तर आई सोफ्यावर थरथर कापत होती आणि असंबद्ध बोलत होती. मूतखड्यानं लघवीची वाट अडवली होती आणि त्यामागे साचलेलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. डॉक्टरांनी नळी घालून ते मोकळं केलं, व्हेंटिलेटर लावला, आणि काही दिवसांनी तिचं बीपी आपलं आपण टिकायला लागलं. वेटिंग रूममध्ये निखिल पहिल्यांदा हसला. "वादळ गेलं, मेधा." मी मान हलवली. कोथिंबिरीच्या वेळचं बोलणं माझ्या डोक्यात होतं, पण त्याला ते कसं सांगणार...

मग न्यूमोनिया झाला. तो आटोक्यात येतोय तोवर रक्तात बुरशी सापडली. तिच्या गळ्याला छिद्र करून श्वासाची नळी बसवली होती, त्यामुळे आवाज नव्हता. हात जेमतेम उचलायचा. समोर इंग्रजी अक्षरांचा फळा धरायचे आणि ती एकेका अक्षरावर बोट टेकवायची. एका सकाळी नर्स मला दारातच म्हणाली, "आज ती गोंधळलेली आहे. अर्थ नसलेली अक्षरं दाखवतेय. असं होतं आयसीयूत." मी विचारलं, कुठली अक्षरं? "पी, ए, एन, आय. सारखी तीच."

पाणी. ती कधीपासून पाणी मागत होती. प्यायला देता येत नव्हतं, पण ओल्या स्पंजची काडी मी तिच्या ओठांवर फिरवली. तिनं डोळे मिटले, आणि मग उघडून माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. डोकं पूर्ण शाबूत होतं. ती आत होती, सगळं कळत होतं, आणि बाहेर यायला वाट नव्हती. नर्स बिचारी फार ओशाळली. तिनं भिंतीवरच्या बोर्डावर तो शब्द अर्थासकट लिहून ठेवला.

त्यानंतर शुभदानं फळ्यावर ग्रेसचं नाव दाखवलं. ग्रेस तिच्या लॅबमधली, तिच्या हाताखाली शिकलेली. त्या आयसीयूतल्या पेशंट्सचं रक्त त्यांच्या अभ्यासासाठी जायचंच. शुभदाला आपलंही पाठवायचं होतं. निखिल चिडला. "ती पेशंट आहे, सॅम्पल नाही." शुभदानं फळ्यावर दोनदा 'प्लीज' दाखवलं, तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "घ्या." आयसीयूच्या डॉक्टरांना विचारूनच ग्रेस निकाल सांगायला आली, पण बेडशी येऊन तिला बोलताच येईना. शुभदानं तळहात चादरीवर आडवा फिरवला. सपाट? ग्रेसनं हो म्हणून मान हलवली. शुभदाच तिचा हात थोपटत राहिली. डॉक्टर नंतर आम्हाला म्हणाले, "पेशींना परत जागं करणारी औषधं तपासली जातायत, पण भरवशानं द्यावं असं आज माझ्याकडे काही नाही." शुभदाला हे आमच्याआधी माहीत होतं.

दुसरी बुरशी आली, किडन्याही बंद पडल्या. डायलिसिसचं यंत्र सुरू करायच्या सकाळी निखिल आणि मी दोघंही खोलीत होतो. शुभदानं फळा मागितला. नर्स अक्षरं मोठ्यानं वाचत गेली. "पी, यू, आर, ई." तिचा चेहरा उजळला. "प्युअर. आज इंग्रजी शब्द आला. काय प्युअर हवंय, हनी?"

निखिलनं वाचलं होतं. मीही वाचलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता, आणि दोघांनाही बोलता येईना. बोललं की ते खरं होणार होतं. नर्स पाण्याची बाटली उचलून विचारत होती, हे का? शुभदानं पुन्हा बोट उचललं. फार वेळ लागला. पुन्हा तीच चार अक्षरं. निखिल तिच्या उशाशी गेला, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि नर्सकडे न बघता इंग्रजीत म्हणाला, "आमच्या भाषेत त्याचा अर्थ, आता बस."

डॉक्टरांनी तिला वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारून खात्री करून घेतली. यंत्र परत गेलं. नागपूरहून तिची आई व्हिडिओवर तिच्याशी बोलत राहिली. इरा बेडवरच तिला चिकटून झोपायची. मग ती फलाटावरची सकाळ आली.

परवा निखिलनं मला बोलावलं. शुभदाची गाडी आठवडेच्या आठवडे ड्राइव्हवेमध्ये उभी आहे, बॅटरी उतरेल, एक चक्कर मारून आण म्हणाला. शुभदा एवढीशी होती. तिची सीट पार पुढे सरकवलेली. निखिल त्यात मावत नाही आणि सीट मागे घ्यायला तो तयार नाही. मीही तिच्याहून बरीच उंच. कशीबशी आत शिरले, गुडघे डॅशबोर्डला टेकले, स्टिअरिंग पोटाला लागलं. इरा शेजारी येऊन बसली.

"मावशी, यू कॅन मूव्ह द सीट."

"माहितेय."

तिनं सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "बट डोन्ट. ओके?"

रिकाम्या गल्लीतून आम्ही अगदी हळू एक चक्कर मारली. पाय अवघडून गेले होते. परत आल्यावर गाडी बंद केली, आणि दोघीही लगेच उतरलो नाही.