राहुरीच्या खोलीची कडी

माझा मामेभाऊ आजही चारचौघांत सांगतो की, आमच्या दादाला मामांनी राहुरीला कोंडून ठेवले म्हणून तो ताळ्यावर आला. हे धादांत खोटे आहे. मामेभाऊ त्या दिवशी दिवसभर शेतावर होता. संध्याकाळी परतला तेव्हा दादा त्या खोलीत झोपलेला दिसला, त्यावरून त्याने ही कथा रचली. खोलीबाहेर मी होतो.

लढाईची वर्षे होती. माझा थोरला भाऊ तापातून उठला, पण त्याची झोप गेली. एका जागी त्याला बसवेना. येरझारा घाली, हात चोळी, आडवे येणाऱ्याच्या अंगावर धावून जाई. आम्ही शिंगणापूरचे. आमच्याकडे घरांना दारे नसतात, मग कोंडणार कोठे? म्हणून वडिलांनी त्याला बैलगाडीतून राहुरीला मामांकडे पोहोचवले, कारण मामांच्या खोलीला सागवानी दार होते आणि बाहेरून कडी. जन्मात ज्याच्यावर घराचे दार लागले नव्हते त्याला कडीत घालावे, ही बुद्धी आमच्याच माणसांना सुचू शकते.

सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. लढाईमुळे औषधांची टंचाई, तरी त्यांनी ब्रोमाइडची, म्हणजे झोपेच्या औषधाची, बाटली दिली आणि बजावले : गर्दी हटवा, एकानेच हळू बोलावे, वाद घालू नये, त्याची वाट अडवू नये. मामांनी बाटली तेवढी फडताळात ठेवली आणि कडी घातली.

दादा दारावर डोके आपटू लागला. फटीतून त्याचे कपाळ दिसले. रक्ताने माखले होते.

"आपटू दे," मामा म्हणाले, "दमला की बसंल गप."

"तोवर कवटी शाबूत राहील का, मामा?"

"लई शाना झालास! म्होरं आड हाय. उडी टाकली तर तुज्या बापाला काय तोंड दावू?"

मी मामांवर हात उचलला, असेही मामेभाऊ सांगतो. मी त्यांचा हात कडीवरून बाजूला केला, एवढेच.

"तुम्ही आडाच्या कठड्यावर बसा. उठू नका, ओरडू नका."

"मला राखणीला बसवतोस व्हय रं? कुत्रं हाय का मी?" असे बडबडत ते गेले खरे. घरातल्या बायकांना मी माजघरात पाठवले, कडी काढली आणि दारापासून बाजूला झालो.

दादा बाहेर आला तो थेट आडाकडे निघाला. तरी मी पुढे झालो नाही. हातभर अंतर राखून त्याच्या बाजूने चालत राहिलो. "दादा, मी आहे," एवढेच म्हणत होतो. मामा अर्धवट उठले. मी मान हलवली, तसे खाली बसले.

दादा त्यांच्यासमोर थांबला.

"कडी लावाल?"

मामांनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्यांचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता.

"न्हाई रं लेकरा. न्हाई लावनार."

दादा त्यांच्याशेजारी कठड्यावर बसला. मी फडताळातली बाटली आणून एक मात्रा पेल्यात ओतली. नंतर त्याच खोलीत, दार उघडे असताना, त्याला झोप लागली ती त्या औषधाने, हे मी कधीच नाकारले नाही. पण औषध पोटात जायला माणसाला तोंड उघडावे लागते. दादाने पेला माझ्या हातून घेतला नाही. मामांच्या हातून घेतला, आणि प्यायला.