गुरुसिद्ध मामा आणि नील बेटावरचं कासव

माझे सासरे गुरुसिद्ध मामा यांना हळू बोलता येत नाही. कबनूरला एका कारखान्यात बेचाळीस वर्षं ते यंत्रमागांवर जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. चोवीस माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडलं तरी त्याला कळत नाही. त्या गोंगाटात मामांचा आवाज जो वर चढला, तो निवृत्तीनंतरही खाली आला नाही. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी बायकोच्या कानात सांगितलं होतं की पोरगा बरा हाय, पर कान लई मोठं हैत. ते आमच्याकडच्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी ऐकलं. माझ्या आईला अजून त्याचा राग आहे. मला मात्र माणूस तेव्हाच आवडला.

कारखान्यात तोंडाने बोलणं होत नाही, म्हणून मागावरची माणसं हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी केली की धागा तुटला. उलटी मूठ म्हणजे माग बंद कर. माझ्या सासूबाई, गंगव्वा, यांना मी आत्ती म्हणतो. त्याही त्याच कारखान्यात कांड्या भरायला होत्या; कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. दोघांची ओळख हातवाऱ्यांनी झाली आणि लग्नही तसंच जुळलं, असं माझी बायको सुष्मिता रंगवून सांगते. आत्तींना ते मान्य नाही. लग्न वडिलांनी ठरवलं, असं त्या सांगतात, आणि वर म्हणतात, "मी हातानं न्हाय म्हटलेलं. ह्यास्नी समजलं न्हाय."

मामा निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. सुष्मितानं आईवडिलांना अंदमानला न्यायचं ठरवलं. मामांनी तोवर समुद्र एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, आणि तेव्हाही बस सुटेल या धास्तीने त्यांचं अर्धं लक्ष स्टँडकडे होतं. पाणीच बघायचं तर आपली पंचगंगा काय वाईट आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय आम्ही माळकऱ्यांपेक्षा कडक शाकाहारी लिंगायत, बेटावर खायचं काय, हा प्रश्न त्यांनी रोज एकदा विचारला. आत्तींनी तोंडाने उत्तर दिलं नाही. त्यांनी चाळीस कडक भाकऱ्या केल्या, डबाभर शेंगदाण्याची चटणी कांडली आणि बॅग भरून दाराशी ठेवली.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघं चेन्नईवरून अंदमानला गेलो आणि तिथून बोटीने नील बेटावर. सरकारी नाव आता शहीद द्वीप आहे, पण बोटीवर सगळे नीलच म्हणत होते. लहानसं बेट. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला रिक्षाने वीस मिनिटांत जाता येतं. मधे भाताची खाचरं, वांग्यांचे वाफे, सुपारी, केळी आणि कडेने काचेसारखं हिरवं पाणी. मामांना समुद्रापेक्षा वांगी आधी आवडली. उतरल्या उतरल्या त्यांनी रिक्षा थांबवून एका शेतकऱ्याला कुठलं बियाणं म्हणून विचारलं. तो बंगालीत काहीतरी बोलला, हे कबनुरी हिंदीत, आणि दोघंही समाधानाने माना हलवून वेगळे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतपूरच्या किनाऱ्यावर आमचा वाटाड्या बिधान भेटला. चाळिशीचा, सडपातळ, जन्मापासून बेटावरचा. या उथळ पाण्यात गवत उगवतं आणि ते खायला हिरवी कासवं येतात, ती तो दाखवणार होता. तोंडात नळी धरून, डोळ्यांना चष्मा लावून पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खाली बघायचं. कासवाच्या मागे लागायचं नाही, हात लावायचा नाही आणि आवाज करायचा नाही, असं त्याने बजावलं. शेवटची अट सांगताना तो मामांकडे बघत होता, कारण आल्यापासून मामांनी त्याला चार प्रश्न विचारले होते.

आत्तींनी पाण्यात उतरायला साफ नकार दिला. तळाला काच असलेल्या बोटीत त्या पदर खोचून बसल्या. मामांनी गळ्यातलं लिंग नारिंगी जाकिटाच्या आत नीट सरकवलं, चष्मा चढवला आणि नळी तोंडात धरली. सुष्मिता माझ्या कानाशी म्हणाली, जन्मात पहिल्यांदा अप्पांना गप्प बघतेय.

ते गप्प बसणं दोन मिनिटं टिकलं. मामांना एक निळा मासा दिसला. तो बायकोला सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. त्यांनी नळी काढून बोटीच्या दिशेने मासा निळा असल्याचं जाहीर केलं. नेमकं त्याच वेळी बिधान दहा फुटांवरचं कासव बोटाने दाखवत होता. आम्हाला त्याचे मागचे पाय आणि उडालेली वाळू दिसली. मामांना फक्त वाळू. पुढच्या अर्ध्या तासात हाच प्रकार पुन्हा एकदा झाला. या वेळी मासा पिवळा होता.

आत्तींच्या बोटीखालून मात्र एक मोठं कासव सावकाश गेलं, काचेखाली क्षणभर थांबलं आणि बोटीच्या कडेला वर येऊन श्वास घेऊन पुन्हा खाली उतरलं. संध्याकाळी लक्ष्मणपूरच्या वाळूत बसून सगळे मावळता सूर्य बघत होते, तेव्हा आत्ती त्या कासवाच्या पाठीवरची नक्षी सांगत होत्या. मामांनी सूर्याकडे पाठ केली होती. इथं कासवं-बिसवं काही नाहीत, पर्यटकांना गंडवायचे धंदे आहेत, असा त्यांचा निकाल होता. मग तुमच्या बायकोला काय दिसलं, असं मी विचारलं. "तिच्या चष्म्याचा नंबर बदलायचा झालाय," ते म्हणाले आणि उरलेला वेळ मोठ्याने भाकरी चावत राहिले.

तिसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळेला बिधान आम्हाला नैसर्गिक पूल बघायला घेऊन गेला. समुद्राने खडक कोरून केलेली ती भलीमोठी कमान आहे. पाणी ओसरलं की तिच्या आसपास खडकांत डबकी राहतात आणि त्यांत समुद्रातलं कायबाय अडकून पडतं. बिधान एकेक दाखवत होता. पिवळा चांदणीमासा, बोटभर खेकडे, लाल ओठांसारख्या उघडमीट करणाऱ्या शिंपल्या. मामा काठी घेऊन पुढे आणि आत्ती, चपला हातात घेऊन, सगळ्यांच्या मागे.

आत्तींनीच ते पाहिलं. कडेच्या एका डबक्यात खडकाला नायलॉनचं जुनं जाळं अडकलं होतं आणि त्यात कासव होतं. त्यांनी हाक मारली नाही. मामांच्या पाठीवर एक खडा मारला, मामा वळले तशी उलटी मूठ दाखवली. चालता माग बंद करायची खूण. मामा जागच्या जागी थांबले.

कासव परातीपेक्षा थोडं मोठं होतं. जाळ्याचा पीळ मानेभोवती आणि पुढच्या उजव्या पायाभोवती बसला होता. पायाची कातडी सोलवटली होती. ते थोडा वेळ धडपडे, मग निपचित पडे. बिधानने वनखात्याच्या माणसाला फोन लावला. तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला होता, यायला पाऊण तास लागणार होता. आणि पाणी चढायला लागलं होतं. कासवाला श्वासाला वर यावं लागतं, बिधान म्हणाला. जाळ्याने ते खडकाला बांधलेलं होतं. डबकं भरलं की ते तिथल्या तिथे बुडालं असतं.

फोनवरून सांगणं आलं की कासव ओलं ठेवा, तोंडापासून लांब राहा, जमलं तर जाळं सोडवा आणि गडबड गोंधळ अजिबात करू नका, घाबरून जीव जातो. बिधानने कमरेची सुरी काढली. खडकाकडचा दोर त्याला कापता आला, पण बाकीचं जाळं फटींत इतकं गुंतलं होतं की कासव तसंच अडकून राहिलं. मानेवरचा पीळ मांसात रुतला होता. सुरीचं टोक आत घालायला जागा नव्हती.

मामांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला बाजूला केलं. बनियन भिजेल याचा विचार न करता ते डबक्यात मांडी घालून बसले, चष्मा नाकावर ढकलला आणि गाठी चाचपायला लागले.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. मामांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. त्यांची बोटं जाड, नखं काळवंडलेली, पण नायलॉनच्या धाग्यात ती अशी फिरत होती की मला आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं, या माणसाने जन्मभर काय काम केलं. कुठला धागा ओढला तर पीळ सैल होईल आणि कुठला ओढला तर आवळेल हे ते आधी बोटाने जोखत. आत्ती समोर बसल्या. त्यांनी पदर भिजवून कासवाच्या पाठीवर पसरला होता. मामांनी दोन बोटांची खूण केली की आत्ती सुटं टोक धरून ठेवत. मामांनी तळहात उताणा केला की त्या सैल सोडत. एकदा मामांनी चुकीचा धागा धरला. आत्तींनी त्यांच्या मनगटावर फटका मारला आणि दुसरा दाखवला. मामांनी मुकाट्याने तो धरला. बिधान मला हलक्या आवाजात विचारत होता की ही दोघं मुकी-बहिरी आहेत का. काल तुझी कासवं पळवणारे हेच, असं मी त्याला सांगितलं, पण त्याचा विश्वास बसला नसावा.

पाणी मामांच्या मांडीवरून कमरेपर्यंत आलं. मानेवरचा पीळ निघाला. पायाचा मात्र निघेना. कासवाची मान एकदा पाण्याखाली गेली, तशी आत्तींनी दोन्ही हातांनी कवच खालून उचलून धरलं. सुष्मिता, बिधान आणि मी पुढे झालो, चौघांनी मिळून ते वर धरलं. ते भलतंच जड होतं. शेवटची गाठ मामांना बोटांनी सुटली नाही, म्हणून त्यांनी वाकून दातांनी ती ढिली केली. सुताच्या गाठी ते आयुष्यभर अशाच सोडवत आले होते. वनखात्याचा माणूस खडकांवरून धावत पोचला तेव्हा माझे कट्टर शाकाहारी सासरे समुद्री कासवाच्या पायाला तोंड लावून बसलेले होते.

त्या माणसाने कासव तपासलं. जखम वरवरची आहे, मिठाच्या पाण्याने भरेल, इथेच सोडू, असं तो म्हणाला. आम्ही हात काढले. कासव काही वेळ तसंच पडून राहिलं, जणू सुटल्याचं त्याला कळलंच नव्हतं. मग पुढचे दोन पाय एकदम हलले, डबक्याच्या काठावरून आलेल्या लाटेबरोबर ते सरकलं आणि बघता बघता हिरव्या पाण्यात दिसेनासं झालं.

मामा बराच वेळ तिथेच बसून होते. दमलात का, असं सुष्मितानं विचारलं. अखेर त्यांनी तोंड उघडलं, आणि ते अख्ख्या किनाऱ्याला ऐकू गेलं. "त्याच्या डोळ्यांतनं पाणी येत हुतं."

कासवं अंगातलं जास्तीचं मीठ डोळ्यांवाटे टाकतात, ते रडणं नसतं, असं बिधानने समजावून सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. "मीठ बी असंल की," ते म्हणाले.

त्या दिवसानंतर मामांची कासवाविषयीची मतं पार बदलली. इतकी, की नाश्त्याला हॉटेलात बसलेल्या दिल्लीच्या एका कुटुंबाला त्यांनी कासव कसं बघावं हे शिकवलं. आवाज अजिबात करायचा नाही, हे त्यांनी इतक्या जोराने सांगितलं की वेटर आतून बाहेर आला. त्यांच्या सांगण्यात कासव पहिल्या दिवशी परातीएवढं होतं, दुसऱ्या दिवशी बैलगाडीच्या चाकाएवढं. कबनूरला पोचेपर्यंत त्याचं काय होणार, याची मला काळजी वाटायला लागली.

निघायच्या दिवशी सकाळी आत्ती न्याहारी झाल्यावर उठल्या आणि बिधानला म्हणाल्या की मला पाण्यात न्या. आम्ही तिघंही बघतच राहिलो. साडीवर नारिंगी जाकीट बांधून, मंगळसूत्र पदरात गुंडाळून त्या पाण्यात शिरल्या. वय अठ्ठावन्न, पोहणं शून्य. पहिल्यांदा नाकात पाणी गेलं, दुसऱ्यांदा ठसका लागला. तिसऱ्यांदा तोंड पाण्यात घातलं ते वर काढलंच नाही. बिधान त्यांच्या जाकिटाचा पट्टा धरून त्यांना हळूहळू लांब घेऊन गेला. मामा काठावर अस्वस्थपणे येरझारा घालत होते. ती बुडंल, असं ते तीन वेळा म्हणाले आणि चौथ्यांदा गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले.

आत्ती पाऊण तासाने परतल्या. ओठ पांढरे पडलेले, डोळे लालभडक, चेहऱ्यावर चष्म्याचा गोल वळ. वाळूत बसून त्यांनी आधी अर्धी बाटली पाणी संपवलं. मामांनी विचारलं, दिसलं का? आपलंच होतं का?

दोन होती, आत्ती म्हणाल्या. शेजारी शेजारी गवत खात होती. त्यातल्या एकाच्या पायावर वळ होता की नव्हता, ते त्यांना नीट दिसलं नव्हतं, आणि नसलेलं सांगायची त्यांना सवय नाही.

"चाळीस वर्सं खोलीत बसून कांड्या भरल्या," त्या म्हणाल्या. "भाईर एवढं हाय, हे कुणी सांगितलं न्हाय."

मामांनी टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला आणि ओल्या केसांतली वाळू झटकायला लागले. बोटीची वेळ होत आली होती. सुष्मिता बॅगा आणायला निघाली, तेव्हा आत्तींनी तिला थांबवून विचारलं की लक्षद्वीपला कुठून जायचं असतं, आणि तुला पुढल्या वर्षी रजा कधी मिळते.