टॉरवर न मारलेली हाक

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पुरावा दाखवा, मग बोला, हा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

मागच्या मे महिन्यातली शाळेची हाफ-टर्मची सुट्टी. लंडनमधल्या पिनरहून डार्टमूरच्या डोंगराळ माळरानावर कॅम्पिंगला गेलो होतो — मी, नवरा अमित, पाच वर्षांची सई आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. दुसरा दिवस हायकिंगचा. तिथे टेकडीच्या माथ्यावरच्या खडकांना टॉर म्हणतात. अशाच एका टॉरवर बसून आम्ही थालीपिठं खाल्ली. सईची टकळी अखंड चालू. "आजी, शीपना थंडी वाजत नाही?"

दोनच्या सुमारास धुकं उतरायला लागलं, तसं घाईघाईने आवरलं. सासूबाईंची एक सवय आहे — लहान मूल घेऊन कुठूनही निघताना मागे वळून त्याला तीनदा हाक मारायची. मूल रमतं तिथे त्याचा जीव मागे रेंगाळतो म्हणे. एअरपोर्टवरसुद्धा मारतात, बोला आता! त्या दिवशी त्यांनी "चल गं सई" म्हणायला तोंड उघडलं आणि मी खेकसले, "आई, पुरे हो! लोक बघतायत. आणि वाट दिसेनाशी होईल." त्यांनी हाक न मारताच पिशवी उचलली.

उतरताना सई एक शब्द बोलली नाही. वाटलं, दमली असेल. तंबूत नाही, घरी आल्यावरही नाही. बसवलं की बसायची, भरवलं की गिळायची, हाक मारली तर मान वळवायची नाही. जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर झाले, हॉस्पिटल झालं, स्कॅन झाला — सगळं नॉर्मल. आठ दिवस! माझा जीव तीळतीळ तुटत होता.

"तिला तिथेच ठेवून आलो गं आपण," सासूबाई एकदाच म्हणाल्या. मी त्यांना नको नको ते बोलले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. नवव्या दिवशी पहाटे अमितला म्हटलं, "गाडी काढ."

तोच टॉर. भर दुपारी तसंच धुकं. सई माझ्या कडेवर, हूं नाही की चूं नाही.

"तू अडवलंस ना, आता तूच हाक मार," सासूबाई म्हणाल्या.

"सई, चल गं, घरी चल..." तिसऱ्या हाकेला समोरून, धुक्यातून उत्तर आलं — "आले, मम्मा!"

सईचं तोंड मिटलेलं होतं. मी तिच्याकडेच बघत होते. अमितनेही ऐकलं. दुसऱ्या क्षणी तिने माझ्या गळ्याला मिठी मारली. "मम्मा, भूक लागली. तू इतका उशीर का केलास?" मी ढसाढसा रडले.

आम्ही वळलो. दहा-बारा पावलं गेलो असू, तोच मागून पुन्हा आवाज आला. लहान मुलीचाच, पण सईचा नाही. अगदी हळू, इंग्रजीत — "कॅन आय कम टू?"

सासूबाईंनी माझा दंड धरला. "वळू नकोस." मी वळले नाही. अमित मात्र मागे धावला, सगळे खडक पालथे घातले. कोणी नाही. खाली येऊन पोलिसांना फोन केला; त्यांनीही शोधलं. कुठलीच मुलगी हरवल्याची तक्रार नव्हती.

सई आता ठणठणीत आहे. काय घडलं, ते मला आजही सांगता येत नाही. पण मीही एक आई आहे हो... आणि मी चालत राहिले.

परवा वेणी घालताना सई सहज म्हणाली, "मम्मा, तिला न्यायला कोणीच का येत नाही?"